फेटिया, सहावारी आणि गणवेश

बंजारा पुरुषाने आपला वेश नेमका केव्हा टाकला, हे तांड्यावरच्या जुन्या माणसांनाही पटकन सांगता येत नाही. धोतर, अंगरखा, पागोटे, हातातले कडे एकेक करून गेले. पायजमा आला, शर्ट आला, मग पँट आली. कुणी हळहळले नाही. बाईने फेटिया सोडून सहावारी नेसली तेव्हा मात्र तांड्यात कुजबुज झाली, सासू-सुनांत अबोले धरले गेले आणि पुढे शहरातल्या परिसंवादांत संस्कृती लोप पावत असल्याचा सूर लागला. समाजाची ओळख अर्ध्या माणसांनी अंगावर वागवायची आणि उरलेल्या अर्ध्यांनी मोकळे फिरायचे, ही वाटणी कुणी केली? परभणी जिल्ह्यातल्या बंजारा पोशाखाची ओळख करून घ्यायची तर या प्रश्नाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

परभणीचा नकाशा डोळ्यांसमोर आणला की गोदावरी, दुधना, पूर्णा या नद्या आणि काळी कसदार जमीन आठवते. तांडे बहुतेक या काळ्या रानाच्या कडेला आहेत. उत्तरेला जिंतूरचा डोंगराळ पट्टा, दक्षिणेला गंगाखेड-पालमकडची बालाघाटची टेकाडे, अशा हलक्या जमिनीच्या भागांत ते गावापासून थोडे अंतर राखून वसले. हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधी तिकडचे तांडेही परभणीतच मोजले जात. तांड्याला स्वतःचा नायक, स्वतःचा कारभारी. घरात गोरमाटी बोली, बाजारात मराठी, आणि १९४८पर्यंत कचेरीत उर्दू. आपला माणूस तो गोर, बाहेरचा तो कोर. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र सगळे सरसकट ‘लमाण’. शहरी वाचकाची आणखी एक गफलत होते, ती इथेच दूर केलेली बरी: बंजारा आणि वंजारी हे महाराष्ट्रात दोन वेगळे समाज आहेत. बंजारा विमुक्त जातींच्या यादीत, वंजारी भटक्या जमातींच्या ‘ड’ प्रवर्गात. गंगाखेडच्या बाजारात दोघीही भेटतील. वंजारी म्हातारी मराठी बोलणारी आणि लुगड्यात, बंजारा म्हातारी गोरमाटी बोलणारी आणि फेटियात.

हा फेटिया म्हणजे भरघोस घेराचा घागरा. जाड, टिकाऊ कापडाचा. तांबडा, निळा, काळपट लाल अशा घट्ट रंगांचा. कमरेच्या पट्टीवर दाट भरतकाम आणि खाली आडव्या पट्ट्या. वर काचळी. तिची पाठ उघडी, मागे नाड्यांनी बांधायची, आणि पुढच्या भागावर आरशांचे तुकडे, कवड्या, पत्र्याचे मणी, लोकरीचे गोंडे असे काही बसवलेले की ऊन पडले की डोळे दिपावेत. डोक्यावरून टुकरी, म्हणजे ओढणी. तिच्या कपाळावरच्या काठालाही भरतकाम, कधी नाण्यांची झालर. केसांत गुंफून गालांवर सोडलेल्या घुगऱ्या आणि टोपल्या, नाकात भुरिया, गळ्यात हासली आणि रुपयांचा हार, दंडापासून मनगटापर्यंत बलिया. या बलिया पूर्वी हस्तिदंताच्या, गरिबाघरी हाडाच्या किंवा शिंगाच्या असत; आता प्लॅस्टिकच्या. पाणी आणताना डोक्यावर चुंबळ यायची, तिच्या मागे मानेवर रुळणारा भरतकामाचा तुकडा असायचा, त्याला गणो म्हणतात. पाण्याची घागर वाहण्याच्या रोजच्या कामालाही एवढा साज करणाऱ्या समाजाला दारिद्र्याची सबब सांगून कुरूप राहणे मान्य नव्हते, एवढे तरी यातून कळते.

हा साज फार बोलका होता. घुगऱ्या आणि बलिया दिसल्या की बाई सौभाग्यवती. नवरा गेला की दोन्ही उतरवायच्या. चेहरा ओळखीचा नसला तरी बाजारात समोरून येणारी बाई लग्नाची की विधवा, खात्यापित्या घरची की ओढगस्तीची, हे चार पावलांवरून कळे. अशा उघड्या पुस्तकासारखे जगणे त्या बायकांना आवडत होते का, हे कुणी विचारल्याचे दिसत नाही. पुढे सहावारी आली तशी तिच्यासोबत मंगळसूत्र आले आणि जे घुगऱ्या सांगत ते काळे मणी सांगू लागले. वेश बदलला, जाहिरात तीच राहिली.

पोशाखाची ही घडण कळायची असेल तर बैलांच्या पाठीवरचा व्यापार आठवावा लागतो. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे. तांदूळ, धान्य, मीठ लादून हे तांडे किनाऱ्यापासून पठारापर्यंत आणि एका छावणीपासून दुसऱ्या छावणीपर्यंत जात. बाईच्या अंगावरच्या गोंदणाचीही नोंद त्याने केली आहे. सुमारे १६३०मध्ये असफखानाच्या मोगली फौजेबरोबर भंगी आणि जंगी हे दोन नायक प्रचंड बैल घेऊन दख्खनेत उतरले, अशी परंपरा सांगितली जाते. ज्यांचे घर रोज उचलले जाते त्यांची तिजोरी भिंतीत राहू शकत नाही. चांदी, नाणी, कवड्या बाईच्या अंगावर आल्या त्या नटण्यासाठी जेवढ्या, तेवढ्याच सोबत वाहून नेण्यासाठी. जाड कापड काट्याकुट्यांतून टिकणारे, भरतकामाने आणखी घट्ट झालेले. मुक्कामावर बैल सोडले की बायकांचे हात सुईकडे वळत.

हा व्यापार रस्त्यांनी आणि रेल्वेने मोडला. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९००च्या सुमारास सुरू झाली. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही तिची स्थानके. मीठ आणि धान्य आता डब्यांतून धावू लागले, आणि ज्यांच्या बैलांनी फौजा पोसल्या त्यांना गवत कापणे, लाकूड विकणे, दुसऱ्याच्या शेतात राबणे एवढेच उरले. त्याआधीच १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या जमातींकडे पाहण्याची सरकारी नजर ठरवून टाकली होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. विमुक्त हे नाव त्यातूनच आले. पण कायदा रद्द झाल्याच्या दुसऱ्या दिवशी फौजदाराची आणि गावच्या पाटलाची नजर बदलते असे नाही. आरशांनी लखलखणारी बाई लांबून ओळखू येते, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याने लांबून ओळखू येणे ही शोभेची गोष्ट राहत नाही. फेटिया उतरण्यामागे गैरसोय, खर्च, हौस ही कारणे आहेतच. पण चारचौघांत उठून दिसू नये ही इच्छा त्यांच्या आधी येते.

ही गोष्ट फक्त तांड्यांची नाही. जून १९४३मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात नौदलाचे शिपाई रस्त्यांवर उतरले आणि मेक्सिकन कुळातल्या तरुणांना शोधून शोधून मारू लागले. खूण होती कपड्यांची. लांब, ढगळ कोट आणि घोट्यापाशी आवळलेली विजार, ज्याला ते झूट सूट म्हणत. महायुद्धामुळे लोकरी कापडावर निर्बंध होते, म्हणून एवढे कापड वापरणारा तो देशद्रोही, असा बहाणा होता. मारहाणीबरोबर त्या पोरांचे कपडे भर रस्त्यात उतरवले गेले. ही पोरे बहुतेक अमेरिकेतच जन्मलेली; आईबाप सीमेपलीकडून आलेले. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी, आणि अंगावरचा कोट दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना न आवडणारा. परभणीच्या बसस्थानकावर फेटियातल्या बाईला बाकावर सरकून जागा न देणे ही त्यामानाने सौम्य गोष्ट, पण गोत्र एकच.

पहिली पिढी हा शब्द स्थलांतरितांबद्दल वापरतात तेव्हा समुद्र ओलांडलेला असतो. तांड्यापासून तालुक्याच्या गावापर्यंतचे अंतर दहा-पंधरा किलोमीटरच असते, तरी तिथे शिकायला गेलेली पोर तितकीच पहिल्या पिढीची असते. तिच्या वेशातली पहिली परकी वस्तू साडी नव्हे, गणवेश. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी निघालेल्या आश्रमशाळांनी तांड्यावरच्या मुलामुलींना एकाच रंगाच्या शर्ट-स्कर्टात उभे केले. वर्गात मराठी, वसतिगृहात मराठी, सुट्टीत घरी याडीजवळ, म्हणजे आईजवळ, गोरमाटी. दिवाळीत तांड्यावर आलेली मुलगी आरतीचे ताट हातात घेऊन दारोदार ‘मेरा’ मागायला निघे तेव्हा तिच्या अंगावर आईने शिवलेला फेटिया असे. सुट्टी संपली की तो पेटीत आणि गणवेश अंगावर. पुढे कॉलेजात सलवार-कमीज, लग्नानंतर साडी, नोकरी लागली तर साडीला पिन. या मुलींच्या बाबतीत ‘दोन संस्कृतींत अडकलेल्या’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ती सोडून द्यावी. दोन भाषा येणारी माणसे दोन भाषांत अडकलेली नसतात. कुठे कोणती बोलायची हे त्यांना ठाऊक असते. कपड्यांचेही तसेच. अडचण येते ती कपडे कुणी दुसऱ्याने ठरवले तर.

आणि एक तिसरा वेश आहे, त्याचा उल्लेख पोशाखांवरच्या पुस्तकांत सहसा येत नाही. ऊसतोडीचा. दिवाळीच्या आसपास गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, जिंतूरकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उसाचे पाचट ब्लेडसारखे कापते, म्हणून बाई साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, डोक्याला फडके आवळते. तांड्यातली बाई असो की मराठा, महार, धनगर घरातली, फडात सगळ्या एकसारख्या दिसतात. ज्या शर्टाने बंजारा पुरुषाची जुनी ओळख पुसली तोच शर्ट पुढे त्याच्या बायकोच्या अंगावर कामाचा कपडा म्हणून आला. इथे फॅशन हा शब्द काहींना खटकेल. खटकू द्यावा. पोटासाठी निवडलेला कपडाही निवडलेलाच असतो.

खरे तर दोन वेशांचे आयुष्य या जिल्ह्याला नवे नाही. निजामी राजवटीत परभणीचा मराठी कारकून कचेरीत शेरवानी आणि रुमी टोपी घालून जाई आणि घरी आल्यावर धोतर नेसून देवापुढे बसे. शिकायला हैदराबादला गेलेला मुलगा १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून धडे घेई आणि सुट्टीत शेरवानी घडी करून गावी परते. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर काही वर्षांतच ही शेरवानी जिल्ह्यातल्या मराठी घरांतून नाहीशी झाली. तिच्यासाठी कुणी संग्रहालय मागितले नाही, कारण ती अधिकाऱ्यांची खूण होती, आपली नव्हती. पण त्या पिढीला कुणी ‘तुम्ही खरे मराठी की खरे हैदराबादी’ असे विचारत बसले नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. बंजारा मुलीला मात्र दोन्हीकडून विचारले जाते.

परभणीतल्या कृषी विद्यापीठाचे नाव या संदर्भात हटकून समोर येते. १९७२ साली स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाला २०१३मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, वसंतराव नाईक यांचे नाव दिले गेले. पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यावर १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले नाईक डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या पत्नी वत्सलाबाई नागपूरच्या घाटे घराण्यातल्या, ब्राह्मण. नाईकांचे कोणतेही प्रसिद्ध छायाचित्र पाहावे: नीटनेटका शहरी वेश, पुष्कळदा हातात पाइप. तांड्याची एकही खूण अंगावर नसलेल्या या माणसाला बंजारा समाजाने आपला सर्वांत मोठा माणूस मानले आणि ते रास्तच होते. त्यांच्या बंजारापणाबद्दल शंका घेण्याचे कुणाच्या मनातही आले नाही. त्याच काळात त्याच समाजातली एखादी शिक्षिका साडी नेसून तांड्यावर आली तर ‘कोर झाली’ असा शेरा ऐकण्याची तिने तयारी ठेवावी लागे. पुरुषाला ओळख कर्तृत्वाने सिद्ध करता येते, बाईला ती नेसून दाखवावी लागते.

बहुसंख्य समाजाने याबाबत नाक वर करण्याचे कारण नाही. परभणीच्या कुणबी-मराठा घरांतही लुगडे त्याच दोन पिढ्यांत गेले. आजी नऊवारीत, आई सहावारीत, नात गाऊन आणि लेगिंग्जमध्ये, असा फोटो जिल्ह्यातल्या निम्म्या घरांत निघेल. आणि सोडून दिलेली नऊवारी परतली ती कशी? १९९९मध्ये डोंबिवलीत गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली, गिरगावने ती उचलली, आणि नऊवारी नेसून मोटारसायकल चालवणाऱ्या मुली वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आल्या. ती नऊवारीही बहुधा शिवलेली. पायजम्यासारखी चढवायची, नाडी बांधायची. जे रोजचे होते ते सणाचे झाले. फेटियाचे नेमके हेच झाले आहे. फक्त तिथे लोक त्याला ऱ्हास म्हणतात आणि इथे अस्मिता.

फेटियाचे सण कोणते, हे आता ठरून गेले आहे. १५ फेब्रुवारीला संत सेवालाल महाराजांची जयंती, मार्चमध्ये होळी, श्रावणात तीज. तीजेला तांड्यातल्या अविवाहित मुली दुरडीत काळी माती भरून गहू पेरतात, रोज पाणी घालतात, भोवती फेर धरतात आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास ते हिरवे अंकुर वाजतगाजत विसर्जित करतात. नर्सिंग शिकणारी, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी, पुण्यात भाड्याच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी त्या दिवसांत गावी येते आणि फेटिया चढवते. तो बहुधा आईचा नसतो. यंत्रावर भरतकाम केलेला, मागे चेन लावलेला, पाठ झाकणारा, वजनाला हलका तयार ड्रेस असतो. त्यावर रील होते, लग्नाआधीचे फोटो निघतात, गोरमाटी गाण्यांच्या यूट्यूबवरच्या चित्रफितींत नायिका तोच घालते. जुनी मंडळी म्हणतात, हा खरा नव्हे. आजीच्या फेटियातले कापडही गिरणीचे होते आणि आरसे कारखान्यातले, हे मग कोणी आठवण करून द्यायचे? दर पिढीने हाताशी जे आले ते भरतकामात घेतले. लोकर आली तेव्हा गोंडे आले, रुपया बाद झाला तेव्हा त्याचा हार झाला.

उलट, पाठ झाकणे हा बारीकसा बदल जास्त काही सांगतो. काचळीची उघडी पाठ तांड्यात कुणाला उघडी वाटत नव्हती. ती उघडी ठरली शाळेच्या, बाजाराच्या आणि सिनेमाच्या नजरेने. हिंदी सिनेमाने १९७१च्या ‘कारवां’पासून १९९१च्या ‘बंजारन’पर्यंत भटक्या मुलीचा जो पेहराव रंगवला, त्याचा आणि जिंतूरच्या तांड्यावरच्या बाईच्या कपड्यांचा संबंध लांबचा, पण शहरातला माणूस तांड्यावरच्या मुलीकडे पाहताना तोच पेहराव डोळ्यांपुढे धरून पाहतो. पहिली शिकलेली पिढी फेटियाकडे परतली ती पाठ झाकून. यात लाज आहे असे काहींना वाटते. शहाणपणही असू शकते.

दूरच्या एका बाईचे उदाहरण इथे उपयोगी पडते. चित्रकार फ्रिडा काहलो मेक्सिको सिटीलगतच्या कोयोआकानमध्ये १९०७ साली जन्मली. वडील जर्मन, आईच्या घरचे मूळ दक्षिणेकडच्या ओआहाका प्रांतात. ती रोज नेसायची तो तेहुआना पोशाख त्या दक्षिणेतल्या बायकांचा. तिने तो जाणून निवडला आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यावरही घातला. १९५४मध्ये ती गेल्यावर बंद केलेले तिचे कपड्यांचे दालन २००४मध्ये उघडले, तेव्हा वारशाने आलेले आणि ठरवून घेतलेले यांत तिने किती कौशल्याने सरमिसळ केली होती ते दिसले. तिच्यावर कुणी खोटेपणाचा आरोप ठेवत नाही. अमेरिकेत वाढलेली मेक्सिकन मुलगी एरवी जीन्समध्ये असते आणि पंधराव्या वाढदिवशी भरजरी झग्यात चर्चमध्ये जाते, तिच्यावरही नाही. सेवालाल जयंतीच्या मिरवणुकीतल्या मुलीला वेगळी फूटपट्टी का लावावी?

या वेशाला अलीकडे आणखी एक काम लागले आहे, पुराव्याचे. तेलंगणात हाच समाज १९७६च्या दुरुस्ती कायद्यापासून अनुसूचित जमातीत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींत, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. १९४८पर्यंत एकाच निजामी राज्यात असलेली भावकी तीन याद्यांत विखुरली. सप्टेंबर २०२५मध्ये मराठा आरक्षणासाठी निजामी राज्याच्या जुन्या नोंदींचा, म्हणजे हैदराबाद गॅझेटचा, आधार सरकारने मान्य केल्यावर मराठवाड्यात बंजारा समाजाचे मोर्चे निघाले: त्याच गॅझेटनुसार आम्हालाही अनुसूचित जमातीत घ्या. आता १९६५च्या लोकूर समितीने जमातीच्या ज्या कसोट्या सांगितल्या त्यांत वेगळी संस्कृती ही एक, आणि बाहेरच्या समाजात मिसळण्याचा संकोच ही दुसरी. म्हणजे सरकारी शाळेत घालताना मुलीने गणवेशात मिसळून जावे, आणि सवलत मागताना फेटियात वेगळे दिसावे. पहिल्या पिढीच्या वाट्याला आलेला हा पेच कोणत्याही फॅशन डिझायनरला सुटण्यासारखा नाही. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. तिथे नंगारा वाजला, पोशाख काचेमागे मांडले गेले. काचेमागच्या पोशाखाला यादीचा प्रश्न पडत नाही.

बाजाराने मात्र केव्हाच आपला निकाल लावला. जुने फेटिये आणि काचळ्या फेरीवाले विकत घेतात, भांड्यांच्या मोबदल्यात नेतात, आणि त्यांचे तुकडे पिशव्या, उशांचे अभ्रे, जाकिटे होऊन मुंबईच्या कुलाबा कॉजवेवर आणि दिल्लीच्या जनपथवर टांगले जातात. गोव्यात कळंगुट-हणजुणच्या किनाऱ्यावर कर्नाटकातून आलेल्या लमाणी बाया हेच विकतात. त्यांच्या बाबतीत अंगावरचा वेश हा दुकानाचा फलकही असतो. शार्लट क्वान आणि टिम मॅकलॉक्लिन यांनी २०१६मध्ये बंजारा कापडांवर देखणे इंग्रजी पुस्तक काढले. त्यात टाक्यांचा, रंगांचा, प्रांताप्रांतांतल्या फरकांचा जो अभ्यास आहे तसा मराठीत व्हायला हवा. तो केवळ संग्राहकांच्या उपयोगाचा राहू नये म्हणून तर अधिकच.

कारण खरी घट कपडे घालणाऱ्यांत झालेली नाही, शिवणाऱ्यांत झाली आहे. लग्नाच्या मुलीसाठी आई वर्षानुवर्षे सुई चालवी. नवलेरीला, म्हणजे नवरीला, ढावलो ही सासरी जातानाची रडगाणी शिकवता शिकवता भरतकामही शिकवले जाई. ऊसतोडीच्या सहा महिन्यांत ते जमत नाही आणि शाळेच्या दहा वर्षांत त्याचा तास नसतो. दक्षिणेत हे धागे वेगळ्या रीतीने जोडले गेले. बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरच्या कुशल कला केंद्राने लमाणी बायकांना टाक्यांची मजुरी मिळवून दिली. किलन, वेले, बक्या, माकी, रेलो, नाकरा अशा तिथल्या चौदा टाक्यांची नोंद झाली आणि त्या भरतकामाला भौगोलिक निर्देशांक मिळाला. जुलै २०२३मध्ये हंपीला जी-२०ची सांस्कृतिक बैठक भरली तेव्हा साडेचारशेहून अधिक कारागीर स्त्रियांनी बनवलेल्या १,७५५ वस्तूंचे प्रदर्शन विश्वविक्रमात नोंदले गेले. तामिळनाडूतल्या सित्तिलिंगी खोऱ्यात तर लंबाडी बायकांनी हा वेश कधीच सोडला होता; टाके येणाऱ्या मोजक्या म्हाताऱ्या उरल्या होत्या. डॉ. ललिता रेगी यांच्या पुढाकाराने त्यांनी तरुणींना शिकवले आणि ‘पोर्गाई’ हा उद्योग उभा राहिला. तिथल्या मुली आज भरतकाम करतात त्या साडी किंवा सलवारमध्ये बसून. फेटिया घालावा अशी अट त्यांना कुणी घातलेली नाही, आणि मजुरी त्यांच्याच हातात येते.

परभणीत याची सोय हाताशी आहे. वसंतराव नाईकांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, पूर्वीचे गृहविज्ञान महाविद्यालय, याच शहरात आहे आणि तिथे वस्त्रशास्त्र शिकवले जाते. तिथून जिंतूरचे तांडे एसटीने तासा-दीड तासाच्या अंतरावर. काचळीचा बेत कसा कापतात, आरसा धाग्याने कसा जखडतात, फेटियाच्या पट्टीचे टाके कोणत्या क्रमाने येतात, हे ज्यांना मोजमाप न घेता हाताने येते त्या बायका आता सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांना महाविद्यालयात शिक्षिका म्हणून बोलवावे लागेल, नमुना म्हणून नव्हे. येण्या-जाण्याचे भाडे आणि दिवसाची मजुरी द्यावी लागेल. आणि ऊसतोडीला गेलेल्या सुना परतल्यावर, उन्हाळ्यात, वर्ग भरवावा लागेल.